तोच मर्ज कॉन्फ्लिक्ट रोज का येतो? गिटचा सामायिक रेपो वापरणाऱ्यांसाठी तपासणी

रात्री साडेदहाला फोन वाजला की मला नाव बघावं लागत नाही. "ताई, परत तीच फाइल. काल तुम्हीच सोडवून दिली होतीत ना?" हो, दिली होती. परवाही दिली होती. आमच्या रेपोत, म्हणजे गिट ज्याचा इतिहास सांभाळतं त्या सामायिक साठ्यात, एका ॲपचा कोड आणि त्याच्या मराठी भाषांतराच्या पीओ फायली (मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीनं ठेवणाऱ्या) एकत्र नांदतात. चार जण कोड लिहितात, सात-आठ जण भाषांतर करतात, आणि कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल गिटला आपोआप जोडता आले नाहीत, की सगळे माझ्या दारात. इतक्या वेळा तेच काम केल्यावर एक गोष्ट पक्की कळली. दोन माणसांचं खरंच एका ओळीवरून दुमत असेल, तर तो कॉन्फ्लिक्ट एकदा येतो, बोलून मिटतो आणि जातो. जो रोज उगवतो त्याच्यामागे बहुतेक वेळा भांडण नसतंच. ओळीच्या शेवटी लपलेलं चिन्ह असतं, न दिसणारं अक्षर असतं, यंत्रानं लिहिलेली फाइल असते, नाहीतर अर्धवट मिटवलेली ब्रांच, म्हणजे कामाची वेगळी शाखा.

कमांड खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.

लक्षणं

पुल मारला, म्हणजे इतरांचे बदल आपल्याकडे ओढून घेतले, की "ऑटोमॅटिक मर्ज फेल्ड" येतं आणि खाली फायलींची यादी. हे नेहमीचं. पण आपला आजार ओळखायला यापेक्षा बारीक खुणा लागतात:

- तीन ओळी बदलल्या होत्या, पण अख्खी फाइल कॉन्फ्लिक्टमध्ये दिसते.
- दोन्ही बाजूंची ओळ डोळ्यांना हुबेहूब एक दिसते, तरी गिट म्हणतं वेगळी आहे.
- काल सोडवलेला कॉन्फ्लिक्ट आज जसाच्या तसा परत.
- कॉन्फ्लिक्ट नेहमी त्याच एकदोन फायलींत: पॅकेज-लॉक, पीओ फाइल, एखादी एक्सेल.
- पुल बिनबोभाट झाला, पण ॲप उघडत नाही.

यातलं आपलं लक्षण कोणतं ते आधी ठरवा. बरेच जण थेट एडिटर उघडून "ॲक्सेप्ट करंट" दाबत सुटतात आणि दुसऱ्याची दोन दिवसांची मेहनत पुसून बसतात.

१. हात बाजूला, गिट स्टेटस

फुकट आहे, दोन सेकंद लागतात. आपण नक्की कशाच्या मध्यात आहोत ते यात कळतं: मर्ज, रीबेस की चेरी-पिक (एखादीच कमिट उचलून आणणं; कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल). हे महत्त्वाचं अशासाठी की रीबेसमध्ये "अवर्स" आणि "देअर्स" उलटे होतात. मर्जमध्ये "अवर्स" म्हणजे तुमची ब्रांच. रीबेसमध्ये तुमच्या कमिट एकेक करून दुसऱ्याच्या कामावर ठेवल्या जात असतात, म्हणून तिथे "अवर्स" म्हणजे समोरची बाजू आणि "देअर्स" म्हणजे तुमचंच काम. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे स्वतःचाच कोड उडवलेले लोक मी मोजायचं सोडून दिलं आहे.

गोंधळ वाटला तर "गिट मर्ज --अबॉर्ट" किंवा "गिट रीबेस --अबॉर्ट" करा. यात कमीपणा काही नाही. फक्त पुल करण्याआधी कमिट न केलेले बदल पडून असतील, तर अबॉर्टनंतर ते जसेच्या तसे परत मिळतील याची हमी गिट देत नाही. म्हणून पुलच्या आधी कमिट किंवा स्टॅश (बदल तात्पुरते बाजूला ठेवणं). कायम.

२. हा कॉन्फ्लिक्ट आहे का, ते तरी बघा

"युअर लोकल चेंजेस वुड बी ओव्हररिटन" हा कॉन्फ्लिक्ट नाही. आधी कमिट करा, मग पुल. "नीड टू स्पेसिफाय हाउ टू रिकन्साइल डायव्हर्जंट ब्रांचेस" हाही नाही. गिट २.३३ पासून (ऑगस्ट २०२१) दोन्हीकडे वेगवेगळ्या कमिट असतील तर मर्ज करायचं की रीबेस, हे पुल तुम्हाला विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत अडून बसतं. टीमनं एकदा ठरवून "पुल.रीबेस" ही सेटिंग सगळ्यांकडे सारखी करा. निम्मे मर्ज करतात, निम्मे रीबेस, आणि मग इतिहासाची खिचडी होते.

जाता जाता "गिट --व्हर्जन" बघून घ्या. २.३४ (नोव्हेंबर २०२१) पासून मर्जची नवी पद्धत, ऑर्ट, आपोआप वापरली जाते. फायलींची नावं किंवा फोल्डर बदलले असतील तर ती जुनीपेक्षा बरंच शहाणपण दाखवते. एकाच्या मशीनवर कॉन्फ्लिक्ट आणि दुसऱ्याच्या मशीनवर नाही, याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

३. अख्खी फाइल लाल? ओळीचा शेवट बघा

विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं टाकतं, सीआर आणि एलएफ. लिनक्स आणि मॅक फक्त एलएफ. कुणाच्या एडिटरनं सेव्ह करताना सगळ्या ओळींचे शेवट बदलले, तर गिटच्या लेखी फाइलची प्रत्येक ओळ बदलली. तुम्ही त्यातल्या एका ओळीला हात लावला असेल तरी टक्कर.

तपासायला (हेड म्हणजे तुमची सध्याची कमिट, ओरिजिन/मेन म्हणजे सामायिक रेपोची मुख्य ब्रांच):

गिट डिफ --स्टॅट हेड ओरिजिन/मेन
गिट डिफ --स्टॅट --इग्नोअर-सीआर-ॲट-ईओएल हेड ओरिजिन/मेन

पहिल्यात चारशे ओळी आणि दुसऱ्यात तीन आल्या, तर निदान झालं. मग "गिट एलएस-फाइल्स --ईओएल" चालवा आणि पहिला रकाना बघा. रेपोच्या आत काय साठवलंय ते तिथे दिसतं. तिथे "सीआरएलएफ" किंवा "मिक्स्ड" असेल तर दुखणं रेपोतच आहे. दुसऱ्या रकान्यात, म्हणजे तुमच्या डिस्कवर, सीआरएलएफ दिसलं तर घाबरू नका. विंडोजवर ते चालतं.

उपाय: रेपोच्या मुळाशी डॉट-गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवा, तिच्यात "* टेक्स्ट=ऑटो" ही ओळ लिहा, मग "गिट ॲड --रीनॉर्मलाइज ." आणि एकच वेगळी कमिट. प्रत्येकाला ऑटोसीआरएलएफ सेटिंग करायला सांगत बसू नका. नवा माणूस आला की तो विसरतो, ॲट्रिब्यूट्सची फाइल मात्र रेपोबरोबर आपोआप येते. ही कमिट शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांच्या ब्रांच मर्ज झाल्यावर करा. कुणाची ब्रांच मागे राहिलीच तर ती आणताना "-एक्स रीनॉर्मलाइज" लावा.

सेव्ह करताना कोड आपोआप नीटनेटका करणारी साधनंही हाच उद्योग करतात. एकाकडे टॅब, दुसऱ्याकडे चार स्पेस. सेटिंगची फाइल रेपोत ठेवा, विषय संपतो.

४. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात: मराठीवाल्यांचं खास दुखणं

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडणार नाही, म्हणून जरा थांबून सांगते. माझ्यासमोर हे असं आलं होतं:

<<<<<<< हेड
"दुसऱ्या खात्यातून लॉगइन करा"
=======
"दुसर्‍या खात्यातून लॉगइन करा"
>>>>>>> ओरिजिन/मेन

वीस मिनिटं मी या दोन ओळींकडे बघत होते. स्पेस पाहिली, अवतरणचिन्हं पाहिली, शेवटचा पूर्णविराम पाहिला. शेवटी फाइल हेक्सडंपमधून (फायलीतले कच्चे बाइट दाखवणारं साधन) काढली. वरच्या ओळीत 'ऱ्या'च्या सुरुवातीला ई०-ए४-बी१ हे बाइट होते, म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. खालच्या ओळीत ई०-ए४-बी०, म्हणजे साधा र, मग हलंत, आणि मग ई२-८०-८डी, म्हणजे न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात.

मराठीतला हा 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' मधला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. कुणाचा कीबोर्ड पहिला प्रकार टाकतो, कुणाचा दुसरा. दुसऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, कुऱ्हाड, तऱ्हा: भाषांतराच्या फायलीत असे शब्द जागोजागी असतात. एकानं फाइल उघडून शोध-बदल केला की पन्नास ओळी "बदलतात", आणि बदललेलं कुणालाच दिसत नाही.

त्यात तिसरा प्रकारही आहे: र आणि खाली नुक्ता. युनिकोडच्या एनएफसी नियमानं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याचा, म्हणजे नॉर्मलाइज करण्याचा नियम) हा नुक्तावाला र आपोआप ऱ होतो. पण जोडकवाला प्रकार एनएफसीनं बदलत नाही. "आम्ही नॉर्मलाइज करतो" एवढ्यानं भागत नाही ते यामुळे.

आम्ही ठरवलं: ऱ हे अक्षरच वापरायचं. कमिटच्या आधी चालणाऱ्या हुकमध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाकली. ती आधी एनएफसी करते, मग र-हलंत-जोडक हा तीन चिन्हांचा क्रम शोधून तिथे ऱ-हलंत ठेवते. फक्त हाच क्रम. सगळेच जोडक सरसकट काढू नका. जोडाक्षर मोडून अर्धं अक्षर मुद्दाम दाखवायचं असतं तिथे तो लागतो, आणि तो गेला की शब्दाचं रूप बदलतं. हुक लागल्यापासून या कारणाचे फोन बंद झाले.

फाइलींची नावं मराठीत असतील आणि गिट स्टेटसमध्ये आकड्यांची रांगोळी दिसत असेल, तर "कोअर.कोटपाथ" ही सेटिंग फॉल्स करा. दुरुस्ती नाही ही, पण कुठली फाइल ते वाचता तरी येतं.

५. यंत्रानं लिहिलेल्या फायली हातानं जोडू नका

पॅकेज-लॉक फाइलमध्ये (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची, एनपीएमनं लिहिलेली यादी) कॉन्फ्लिक्ट आला की लोक हजार ओळी वाचायला बसतात. नको. पॅकेज डॉट जेसन हातानं सोडवा, कारण ती माणसानं लिहिलेली आहे. मग "एनपीएम इन्स्टॉल" चालवा. लॉक फाइलमधला कॉन्फ्लिक्ट एनपीएम स्वतः मिटवतो. नंतर डिफमध्ये भलत्याच पॅकेजची आवृत्ती उडी मारून गेली नाही ना, एवढं बघा.

पीओ फायलींचं दुखणं निराळं. वर पीओटी-क्रिएशन-डेट आणि पीओ-रिव्हिजन-डेट असतात. फाइल नव्यानं काढली किंवा कुणी सेव्ह केली की त्या तारखा बदलतात. शिवाय प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ते कोडच्या कितव्या ओळीत आहे त्याची टीप. कोडमध्ये वर एक ओळ घातली की खालच्या सगळ्या टिपांचे आकडे सरकतात. भाषांतराचा एक शब्द न बदलता दोनशे कॉन्फ्लिक्ट! फाइल काढताना "--ॲड-लोकेशन=फाइल" लावा. फायलीचं नाव राहतं, ओळीचा आकडा जातो, आणि भाषांतर करणाऱ्याला संदर्भासाठी तेवढं पुरतं.

कॉन्फ्लिक्ट आलाच, तर एडिटरमध्ये डोळे फोडण्यापेक्षा गिटकडूनच दोन्ही प्रती मागून घ्या. कॉन्फ्लिक्ट चालू असताना प्रत्येक फाइलच्या तीन प्रती आत ठेवलेल्या असतात: १ म्हणजे मूळ, २ आपली, ३ समोरची. "गिट शो :२:एमआर.पीओ" आणि "गिट शो :३:एमआर.पीओ" असं करून त्या दोन फायलींत काढा आणि "एमएसजीकॅट"ला (पीओ फायली जोडणारी कमांड) द्या. जिथे दोन भाषांतरं खरोखर वेगळी आहेत, तेवढ्याच नोंदींना तो फझी (म्हणजे तपासून घ्या) अशी खूण करून दोन्ही मजकूर दाखवतो. दोनशेचे चार होतात. फायलीच्या शीर्षकावरही ही खूण पडते, ती काढायला विसरू नका. शेवटी फाइल तपासायला "एमएसजीएफएमटी --चेक".

६. कालचाच कॉन्फ्लिक्ट आज परत: स्क्वॉश

सगळ्यात जास्त फोन याचे, आणि समजावून सांगायला सगळ्यात अवघड हेच.

तुमच्या ब्रांचवर दहा कमिट होत्या. मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रांचमध्ये, घेताना कुणी तरी "स्क्वॉश अँड मर्ज" दाबलं. दहांची एक नवी कमिट झाली आणि मेनवर बसली. तुमच्या दहा कमिटशी तिचं गिटच्या दृष्टीनं काहीच नातं नाही. मजकूर तोच, पण वंशावळ वेगळी. तुम्ही त्याच ब्रांचवर काम चालू ठेवलं. पुढच्या पुलला गिट दोघांचा सामायिक पूर्वज शोधतं आणि त्याला सापडतो तो स्क्वॉशच्या आधीचा, जुना. ज्या ओळी दोन्हीकडे सारख्याच बदलल्यात तिथे ते गप्प राहतं. पण स्क्वॉशनंतर त्याच ओळीवर तुम्ही आणखी हात फिरवला असेल, तर एकाच ओळीचे दोन वेगळे बदल दिसतात. झाला कॉन्फ्लिक्ट, तोही तुमचा तुमच्याशीच.

उपाय सोपा आहे: स्क्वॉश झाली की ती ब्रांच मेली असं समजायचं. मेन आणा, नवी ब्रांच काढा. जुन्या ब्रांचवर पुढचं काम आधीच झालं असेल तर:

गिट रीबेस --ऑन्टू ओरिजिन/मेन <स्क्वॉशमध्ये गेलेली शेवटची कमिट> माझी-ब्रांच

म्हणजे त्या कमिटनंतरचं तेवढंच उचलून नव्या मेनवर ठेवलं जातं.

फोर्क (मूळ रेपोची आपली वेगळी प्रत) वापरणाऱ्यांचं दुखणं याचंच चुलत भावंड. स्वतःच्या फोर्कच्या मेनवर थेट कमिट केली की मूळ रेपोशी सिंक करताना दर वेळी टक्कर होते. आपली मेन ही फक्त आरसा. "गिट मर्ज --एफएफ-ओन्ली अपस्ट्रीम/मेन" हीच कमांड वापरा. ती अडली, तर मेनवर तुमची स्वतःची कमिट पडली आहे, हे लगेच कळतं. आधी त्या कमिटवर ब्रांच काढून ठेवा आणि मगच मेन मागे न्या.

लांब चालणारी ब्रांच ठेवणं भागच असेल, तर "रेरेरे.एनेबल्ड ट्रू" करा. रेरेरे म्हणजे एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवून पुढच्या वेळी तसाच सोडवणं. माझ्याकडे कायम चालू असतं. दोन अटी आहेत. ही आठवण फक्त तुमच्या मशीनवर राहते, शेजाऱ्याला तिचा उपयोग नाही. आणि चुकीचं सोडवलंत तर तेही इमानानं लक्षात ठेवतं; तेव्हा "गिट रेरेरे फर्गेट" आणि त्या फायलीचं नाव.

७. आता उरला खरा कॉन्फ्लिक्ट

इथपर्यंत येऊनही ओळ भांडत असेल, तर दोन माणसांनी खरंच तीच ओळ बदलली आहे. गिट सुरुवातीला फक्त दोन बाजू दाखवतं. मूळ ओळ काय होती ते दाखवत नाही, आणि त्याशिवाय निवाडा करणं म्हणजे अंदाजपंचे. "मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल" झेडडिफ३ करा (गिट २.३५, जानेवारी २०२२ पासून, जुनं असेल तर डिफ३). मग असं दिसतं:

<<<<<<< हेड
"फाइल जतन झाली नाही."
||||||| मूळ
"फाईल जतन झाली नाही."
=======
"फाईल जतन झाली नाही. पुन्हा प्रयत्न करा."
>>>>>>> ओरिजिन/मेन

मधली ओळ दिसली की सगळं उलगडतं. एकीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, दुसऱ्यानं वाक्य वाढवलं. कुठलीही एक बाजू निवडली तर दुसऱ्याचं काम गेलं. बरोबर उत्तर तिसरंच: "फाइल जतन झाली नाही. पुन्हा प्रयत्न करा." बटणं दाबून हे उत्तर मिळत नाही, लिहावं लागतं.

"डिलीटेड बाय अस" आलं तर आपल्या बाजूनं फाइल काढून टाकली आहे आणि समोरच्यानं तिच्यात बदल केलाय. ती का काढली ते गिट लॉगमध्ये वाचल्याशिवाय परत आणू नका. बहुधा मजकूर दुसऱ्या फायलीत हलवलेला असतो आणि समोरच्याचा बदल तिथे न्यायचा असतो.

सोडवून झालं की "गिट डिफ --चेक". विसरलेल्या खुणा तो पकडतो. मग बिल्ड आणि टेस्ट, कमिटच्या आधी. एकानं फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्यानं वेगळ्या फायलीत जुन्या नावानं ते वापरलं, तर गिटला त्यात काहीच खटकत नाही. वर लिहिलेलं "पुल बिनबोभाट, ॲप बंद" हे लक्षण याचंच.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

कुणी फोर्स पुश (सामायिक रेपोवरचा इतिहास जबरदस्तीनं बदलणं) करून इतरांच्या कमिट उडवल्या असतील, तर कोणीही काही पुश करू नका, पुल करू नका, जुनं फोल्डर पुसून नवीन क्लोन तर अजिबात घेऊ नका. गेलेल्या कमिट बहुधा कुणाच्या तरी मशीनवर जिवंत असतात. ब्रांचमधून सुटलेल्या कमिटच्या नोंदी रिफ्लॉगमध्ये (प्रत्येक मशीनवरची गिटची हालचालींची वही) साधारण ३० दिवस टिकतात, बाकीच्या ९० दिवस. रेपोच्या ॲडमिनला हे सगळे क्लोन जसेच्या तसे हवे असतात.

कॉन्फ्लिक्टमध्ये पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली दिसली, तर कॉन्फ्लिक्ट राहू दे. आधी ज्याच्या ताब्यात ती किल्ली आहे त्याला सांगून ती बदलून घ्या. फायलीतून ओळ काढली तरी इतिहासात ती राहतेच.

डेटाबेसच्या मायग्रेशन फायली (डेटाबेसची रचना क्रमानं बदलणाऱ्या) भांडत असतील तर डेटाबेस बघणाऱ्याशिवाय हात लावू नका. त्यांचा क्रम चुकला तर नुकसान कोडचं नाही, माहितीचं होतं. एक्सेल, फोटो, डिझाइनच्या फायली गिट जोडूच शकत नाही. मालकाला विचारा कोणती प्रत ठेवायची.

रेपोची तपासणी करणाऱ्या "गिट एफएससीके"नं ऑब्जेक्ट (गिटनं आत साठवलेला तुकडा) हरवल्याचं किंवा खराब झाल्याचं सांगितलं, तरी थांबा. आणि रेपो क्लाउडवर आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवला आहे का, हे जाणत्यानं विचारायच्या आधीच त्याला सांगून टाका. अशा फोल्डरमध्ये दोन मशीन डॉट-गिटच्या आतल्या फायली एकमेकांवर लिहितात, आणि मग गिटची आतली वही फाटते.

आणि दोनदा अबॉर्ट करून तिसऱ्यांदा तिथेच अडकला असाल, तर समोरच्या बाजूची ओळ ज्यानं लिहिली त्याला फोन लावा आणि दोघं एकाच स्क्रीनसमोर बसा. रिलीजच्या रात्री तर पहिल्या अबॉर्टनंतरच.

जाणत्याला फोन करताना हे आधीच पाठवून ठेवा: गिट स्टेटसचं पूर्ण आउटपुट, "गिट लॉग --ग्राफ --वनलाइन --ऑल"च्या वरच्या तीसेक ओळी, रिफ्लॉगच्या वरच्या वीस ओळी, आणि तुम्ही काय काय टाइप केलं ते सगळं, लाजेखातर गाळलेल्या कमांडसकट. स्क्रीनचा तिरका काढलेला फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठवा. फोटोत ऱ कुठला आहे ते मलाही दिसत नाही.